हे कोणाचे? : सर्व्हर बदलताना फाइलींची मालकी

मंडळी, आजचा विषय वरकरणी कारकुनी वाटेल. एका लिनक्स सर्व्हरवरच्या फाइली दुसऱ्या लिनक्स सर्व्हरवर न्यायच्या, आणि त्यांची मालकी व परवानग्या जशाच्या तशा ठेवायच्या. तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य गेलेल्या आम्हाला यात रस का, असं कुणी विचारेल. नाव आणि नावाचा धनी यांतला भेद आपण पुस्तकात वाचतो. इथे तो नजरेआड झाला, तर एकाची खासगी पत्रं दुसऱ्याच्या हाती पडतात.

आधी फाइल म्हणजे काय ते पाहू. फाइलीतला मजकूर ही एक गोष्ट, त्या फाइलीबद्दलची नोंद ही दुसरी. या नोंदीला ‘आयनोड’ म्हणतात. मालक कोण, गट कोणता, परवानग्या काय, शेवटचा बदल केव्हा झाला, हे सगळं त्यात असतं. परवानग्या मालक, गट आणि बाकीचे अशा तिघांसाठी वेगळ्या. वाचायला ४, लिहायला २, चालवायला १ असे अंक धरून बेरीज करायची. म्हणजे ६०० याचा अर्थ, मालकाने वाचावं-लिहावं, इतरांनी हात लावू नये.

आता खरी मेख. आयनोडमध्ये मालकाचं नाव नसतंच. असतो फक्त एक आकडा. सर्वाधिकारी ‘रूट’चा आकडा ०. डेबियन किंवा उबुंटूवर माणसांची खाती १००० पासून सुरू होतात. कोणता आकडा कोणाचा, हे सहसा ‘पासडब्ल्यूडी’ नावाच्या वेगळ्या फाइलीत लिहिलेलं असतं, आणि ती यादी ज्या त्या सर्व्हरची स्वतःची असते.

शास्त्रग्रंथांतले आपले जुने सोबती देवदत्त आणि यज्ञदत्त यांनाच इथे बोलावू. जुन्या सर्व्हरवर देवदत्ताचा आकडा १००१, यज्ञदत्ताचा १००२. नव्या सर्व्हरवर यज्ञदत्ताचं खातं आधी उघडलं गेलं, म्हणून तिथे १००१ तो झाला. देवदत्ताची ६०० परवानगीची फाइल आकड्यासकट तिकडे नेली तर? कुलूप शाबूत, पण किल्ली यज्ञदत्ताकडे! चूक झाल्याचा संदेशही येणार नाही, कारण यंत्राच्या लेखी काही चुकलेलंच नाही.

साधनांकडे वळू. ‘एससीपी’ने साधी नक्कल केली, तर नवी फाइल आपण ज्या खात्याने पलीकडे शिरलो त्याच्या मालकीची होते. त्याला ‘पी’ हा पर्याय दिला की वेळ आणि परवानग्या टिकतात. मालकी टिकत नाही. म्हणून ‘आरसिंक’ वापरायचं. अँड्र्यू ट्रिजेल आणि पॉल मॅकेरास यांनी ते १९९६ मध्ये आणलं. त्याच्या लहान ‘ए’ या एका पर्यायात उपफोल्डर, सांकेतिक दुवे, परवानग्या, वेळ, गट आणि मालक एवढं सगळं येतं. हार्ड लिंक, एसीएल म्हणजे व्यक्तिगणिक दिलेल्या खास परवानग्या, आणि फाइलीला जोडलेले जादा गुणधर्म मात्र त्यात येत नाहीत. त्यांच्यासाठी मोठा ‘एच’, मोठा ‘ए’ आणि मोठा ‘एक्स’ वेगळे द्यावे लागतात.

आणखी एक अट आहे. मालकी टिकवायची तर पलीकडच्या बाजूला आरसिंक रूटच्या अधिकाराने चाललं पाहिजे. साध्या खात्याला दुसऱ्याच्या नावावर फाइल चढवता येत नाही, आणि ते बरंच आहे. नाहीतर कुणीही आपल्या फाइलींचा भार शेजाऱ्याच्या वाट्याच्या जागेत टाकला असता.

आता मुख्य प्रश्न : जुळवायचं काय, नाव की आकडा? आरसिंक आपणहून नाव जुळवतं. पलीकडे ‘देवदत्त’ असेल तर फाइल त्याची, मग त्याचा आकडा तिथे कोणताही असो. ते नाव नसेल तर जुना आकडाच तसा ठेवतं. रेड हॅटच्या कुळातल्या सर्व्हरवर वेबचं काम ‘अपाचे’ नावाचं खातं पाहतं, आकडा ४८. डेबियनवर तेच काम ‘डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू-डेटा’ करतं, आकडा ३३. फाइली तिकडून इकडे आणल्या की मालकाच्या जागी नुसता ४८ दिसतो, त्याला नावच नाही. अशा वेळी ‘यूझरमॅप’ या पर्यायाने हे नाव त्या नावाला लाव असं सांगता येतं. गटांसाठी ‘ग्रुपमॅप’ आहे.

‘न्यूमेरिक-आयडीज’ हा पर्याय दिला तर नावं बाजूला राहतात, आकडे जसेच्या तसे जातात. खात्यांच्या यादीसकट अख्खी यंत्रणा हलवताना हाच योग्य. बॅकअप ठेवतानाही हाच. कारण ठेवणाऱ्या सर्व्हरवर ‘देवदत्त’ नावाचा कुणी भलताच असू शकतो, आणि फाइली शेवटी मूळ घरी परतायच्या असतात.

नाव सारखं म्हणून माणूस तोच, असं नाही. आकडा सारखा म्हणूनही नाही. दोन्ही खुणाच. खूण कोणाची हे यंत्र जाणत नाही. ते आपण ठरवायचं, आणि नक्कल करण्याआधी ठरवायचं.

तेव्हा क्रम असा ठेवावा. दोन्हीकडच्या खात्यांच्या याद्या शेजारी ठेवून वाचा. मग ‘एन’ पर्याय देऊन रंगीत तालीम करा; त्यात काय काय होईल ते दिसतं, प्रत्यक्षात काही हलत नाही. खरी नक्कल झाली की दोन्ही सर्व्हरवर ‘एलएस’ दोनदा चालवा : एकदा ‘एल’ देऊन, म्हणजे नावं दिसतील, एकदा ‘एलएन’ देऊन, म्हणजे आकडे दिसतील. ६०० परवानगीच्या फाइली आधी तपासा. दुसऱ्याने वाचू नये असं कुणाला तरी वाटलं होतं, त्या या फाइली आहेत.