हुलग्याच्या वाणांची शिरगणती

देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा तालुक्यांत शिवाराशिवारात शेडनेट दिसतात. आत टोमॅटो, मिरची, काकडी यांचं संकरित बियाणं तयार होतं. जालन्यात १९६४ साली महिको सुरू झाली, पुढे तिथे बियाणे कंपन्या वाढत गेल्या आणि बीजोत्पादन आसपासच्या गावांपर्यंत आलं. टोमॅटोच्या प्लॉटवर दुपारी मादी ओळीतल्या न उमललेल्या कळीतून चिमट्याने पुंकेसर काढायचे आणि दुसऱ्या दिवशी सकाळी त्याच फुलाला नराचा पराग लावायचा, असं हे ‘क्रॉसिंग’. बायांचा हात त्यात इतका बसलेला असतो की बोलता बोलता ओळ संपते.

अशा हातांचा उपयोग हुलग्याला आजवर झालेला नाही.

हुलगा, म्हणजेच कुळीथ, हलक्या मुरमाड रानातही येतो. पाऊस ओसरताना पेरला तरी उरलेल्या ओलीवर निघतो. शेंगोळ्यांना पीठ मिळतं, बैलांना खुराक होतो, आणि दाण्यात २० टक्क्यांहून अधिक प्रथिनं असतात. तरीही सोयाबीन, कपाशी आणि तुरीपुढे त्याला कोणी विचारत नाही. संशोधनातही तेच घडलं. महाराष्ट्रासाठी ‘माण’, ‘सीना’ असे मोजके वाण निघाले. तूर-हरभऱ्याच्या वाणांपुढे ही यादी फारच तोकडी आहे.

त्याचे दोष शेतकऱ्याला तोंडपाठ आहेत. वेल पसरतो. शेंगा एकदम वाळत नाहीत आणि वाळलेल्या तडकतात. दिवस लहान झाल्याशिवाय बहुतेक वाण फुलावर येत नाहीत, त्यामुळे लवकर पेरलं तर नुसता पाला माजतो. गॅमा किरण देऊन बियाण्यात नवे बदल घडवता येतात, पण त्यातून हवा तोच गुण मिळेल याची खात्री नसते. त्याऐवजी उभट वाढणारं, लवकर फुलणारं झाड कुठल्यातरी गावात आधीपासून असेल, तर ते हुडकणं शहाणपणाचं.

तुरीत हे घडून गेलंय. जालना जिल्ह्यातल्या बदनापूरच्या कृषी संशोधन केंद्राचा ‘बीएसएमआर ७३६’ हा वाण मर आणि वांझ या दोन्ही रोगांपुढे टिकला, तो संकराच्या पैदाशीतून. प्रतिकाराचा गुण संग्रहात नसता, तर संकर करायचा तरी कशाशी?

म्हणून आधी शिरगणती. गावोगावचे नमुने गोळा करताना गाव, जमीन, घरात चालत आलेलं वाणाचं नाव, सगळं लिहून घेतात. दाणे लाल-तपकिरी, काळे, फिकट पिवळसर, ठिपक्यांचे असे येतात. मग सारे नमुने एकाच शेतात ओळीने पेरायचे आणि मधूनमधून प्रचलित वाणाची ओळ तुलनेला ठेवायची. फूल कितव्या दिवशी आलं, झाडाला शेंगा किती, शेंगेत दाणे किती, शंभर दाण्यांचं वजन किती, याच्या नोंदी ठेवायच्या. पण दिसणं फसवतं. एकाच वाणाचं झाड भारी रानात वेगळं दिसतं, मुरमात वेगळं. खरं नातं किती जवळचं, हे डीएनएच्या खुणा सांगतात. लांबच्या नात्यातले चांगले जनक निवडले, की संततीत निवडीला भरपूर वाव मिळतो. हुलग्याच्या दहा गुणसूत्रांचा जनुकीय आराखडा जपानमधील काझुसा संस्था आणि पालमपूरचं कृषी विद्यापीठ यांच्या संशोधकांनी २०२१ मध्ये प्रसिद्ध केला, त्यामुळे हे काम आता पुष्कळ सोपं झालंय.

या पिकाचा इतिहासही दाण्यातच वाचता येतो. पुणे जिल्ह्यातल्या इनामगावच्या ताम्रपाषाणयुगीन वस्तीत हुलगा सापडला आहे. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमधील शार्लीन मर्फी आणि डोरियन फुलर यांनी २०१७ मध्ये दक्षिण भारतातले पुरातन हुलगे न फोडता, क्ष-किरणांनी त्यांच्या सालीची जाडी मोजली. इसवीसनापूर्वी २००० पासूनच्या या दाण्यांची साल काळाच्या ओघात पातळ होत गेलेली दिसली. जाड सालीतून पाणी आत शिरत नाही, दाणा वर्षानुवर्षं झोपून राहतो. शेतकऱ्याला तर सगळं बी एकदम उगवायला हवं. आजही भिजवलेल्या हुलग्यात एखादा गणंग हाताला लागतो. तो जुना गुण अजून पुरता गेलेला नाही.

संकर करणं मात्र किचकट. फूल इवलंसं, आणि कळी उमलण्याआधीच स्वपरागण उरकलेलं. इथेच देऊळगाव राजाच्या सरावलेल्या हातांना काम मिळायला हवं.

अकोल्यात राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संपदा ब्युरोचं प्रादेशिक केंद्र आहे. नमुने जमवणं, पेरून पाहणं, जपणं हे त्याचं कामच. शिवाय २००१ च्या कायद्याने शेतकऱ्याला आपला पारंपरिक वाण स्वतःच्या नावावर नोंदवता येतो आणि त्यातून कोणी नवा वाण काढला, तर लाभात वाटाही मागता येतो. त्यासाठी बियाणं कोणत्या घरातलं, किती पिढ्यांपासूनचं, हे कागदावर यायला हवं. नोव्हेंबर-डिसेंबरात हुलग्याची मळणी होते तेव्हा अकोला-बदनापूरची माणसं आणि गावातल्या जाणत्या बाया एकत्र बसल्या, तर तालुक्याची पहिली यादी एका हंगामात तयार होऊ शकते.