रोज पाच वचनं, सतरा वर्षं

बायबलात ६६ पुस्तकं, १,१८९ अध्याय आणि ३१,००० हून अधिक वचनं आहेत. एका माणसानं रोज पाच वचनं मराठीत आणायची ठरवली, रविवार-सणवार पाळले नाहीत, तापानं अंथरूण धरलं तरी खाडा केला नाही, तर शेवटच्या वचनापर्यंत पोहोचायला सतरा वर्षं लागतात. त्यातलं ११९ वं स्तोत्र एकटंच १७६ वचनांचं, म्हणजे महिना त्याच्यातच जातो.

पंडिता रमाबाईंनी संपूर्ण बायबल मराठीत आणून दाखवलं. कर्नाटकातल्या गंगामूळला १८५८ मध्ये जन्मलेल्या, हजारो संस्कृत श्लोक मुखोद्गत असलेल्या या बाईंनी चाळिशी उलटल्यावर हिब्रू आणि ग्रीक शिकायला घेतलं. मूळ ग्रंथ स्वतः वाचायचा आणि जेमतेम अक्षरओळख झालेल्या बाईला समजेल अशा मराठीत उतरवायचा, हा त्यांचा हट्ट. जवळजवळ दीड तप हे काम चाललं. ५ एप्रिल १९२२ ला त्या गेल्या, तेव्हा भाषांतर हातावेगळं झालेलं होतं. एवढी विद्वत्ता गाठीशी असताना सोपं लिहायचं, हे मला त्या सतरा-अठरा वर्षांहूनही अवघड वाटतं.

मग छपाई. इंग्रजी बायबलातली अक्षरं लोकांनी मोजून ठेवलीत, ती ३१ लाखांच्या वर भरतात. मराठीत काना, मात्रा, वेलांटी, जोडाक्षरं, सगळ्यांचा हिशेब वेगळा. जुळारी एकेक खिळा उचलून ओळ बांधणार, ती ओळ उलटी वाचणार, मुद्रित काढणार, चूक सापडली की खिळा चिमट्यानं उपसून दुसरा बसवणार. रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनात, जिथं दुष्काळात शेकडो बायका-मुली आसऱ्याला आल्या, तिथल्याच बायकांनी हे खिळे जुळवले आणि ग्रंथ छापला. १९२४ मध्ये तो वाचकांच्या हाती आला.

त्याच्या शंभराहून अधिक वर्षं आधी मराठी बायबल फार लांबून येत होतं. विल्यम कॅरी आणि वैजनाथ पंडित यांनी बंगालमधल्या श्रीरामपूरला काम सुरू केलं आणि १८०५ मध्ये मत्तयाचं शुभवर्तमान छापलं गेलं. देशाच्या त्या टोकाला बसून निपाणीच्या बाजारातली बोली कानावर पडणार कशी? गोव्यातल्या फादर स्टीफन्सनी मात्र लोकांमध्ये राहून, १६१६ मध्ये, बायबलातल्या कथा १०,९६२ ओव्यांत सांगितल्या. ज्ञानेश्वरीच्या ओव्या नऊ हजारांच्या आसपास आहेत, यावरून पसारा लक्षात यावा. ते भाषांतर नव्हे, पण ओवी हा छंद घराघरातला, तो त्यांनी अचूक हेरला.

बेळगावात लंडन मिशन १८२० मध्ये आलं. तिथं १८३१ मध्ये बाबा पदमनजींचा जन्म झाला. योगायोग असा, की त्याच वर्षी संपूर्ण कन्नड बायबल बळ्ळारीला छापून झालं. बाबा बेळगावच्या मिशन शाळेत शिकले, १८५४ मध्ये तिथंच त्यांनी बाप्तिस्मा घेतला आणि १८५७ मध्ये ‘यमुनापर्यटन’ ही कादंबरी लिहिली. पुढं लहान-मोठी शंभरावर पुस्तकं त्यांच्या नावावर जमा झाली. त्यातली नव्या करारावरची टीका मला सगळ्यात मोलाची वाटते. भाषांतर झालं तरी साध्या माणसाला अडलेलं कुणीतरी उलगडून सांगावं लागतं, आणि ते काम दोन भाषांच्या गावात वाढलेल्या या माणसानं आपल्या मराठीत केलं.

आज जगात सात हजारांच्या आसपास भाषा बोलल्या जातात. संपूर्ण बायबल त्यांपैकी सातशेहून अधिक भाषांत आहे. दहातल्या जवळपास नऊ भाषांना ते अजून लाभलेलं नाही. बेळगाव-निपाणीकडे मात्र एकाच घरात आजी मराठीतून आणि कन्नड शाळेत शिकलेला नातू कन्नडमधून, दोघंही आरंभापासून अखेरपर्यंत सगळी ६६ पुस्तकं वाचू शकतात.