पिवळ्या उद्गारचिन्हाची वर्षं

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 ची मुदत संपली. पुढच्या विंडोजला टीपीएम 2.0 लागतं आणि इंटेलचा प्रोसेसर आठव्या पिढीच्या आधीचा असला तर ती बहुतेक वेळा दारातूनच परत पाठवते. अक्कलकोट रोड एमआयडीसीतल्या चादर-टॉवेलवाल्यांच्या ऑफिसांत अशी मशीन खच्चून आहेत. मालक विचारतात, "बिघडलंय काय ओ त्यात?" काहीच नाही. बिघडलं असतं तर दुरुस्त केलं असतं.

म्हणूनच 1998 ते 2008 या दहा वर्षांची फार आठवण येते. तेव्हा यंत्र अडायचं, पण का अडलं ते शोधता यायचं.

सायबर कॅफेचे दिवस होते ते. एकाच मशीनला मोडेम, बाकीची लॅनवरून त्याच्याच जिवावर. लॅन कार्डं बहुतेक एनई2000 ची नक्कल, आयएसए स्लॉटमध्ये बसणारी. संगणकात आयआरक्यू मोजून सोळा, म्हणजे प्रोसेसरला हाक मारायच्या सोळा वाटा. त्यातल्या बऱ्याच आधीच वाटलेल्या. हे कार्ड सहसा तीन नंबरवर बसून यायचं आणि दुसऱ्या सीरियल पोर्टचा नंबरही तीनच. आतला मोडेम त्याच पोर्टच्या नावानं बसवलेला असला की तमाशा ठरलेला. सकाळी लॅन झकास चालायची, इंटरनेटला डायल केलं की गप्प. गिऱ्हाईक ओरडायचं, कॅफेवाला केबल बदलायचा आणि केबल बिचारी निर्दोष.

उपाय अंगठ्याएवढा होता. डॉसच्या फ्लॉपीवरून कार्डाचा सेटअप चालवून त्याला दहा नंबर द्यायचा आणि बायोसमध्ये तो नंबर आयएसएसाठी राखून ठेवायचा, नाहीतर प्लग अँड प्ले तोच उचलून दुसऱ्याला वाटायचं. डिव्हाइस मॅनेजरमधलं पिवळं उद्गारचिन्ह गेलं की चहा सांगायचा. पण आमच्यातल्याच अनेकांना ही तसदीही नको असायची. त्यांचं औषध एकच, "फॉरमॅट मारू." गिऱ्हाइकाचा वर्षाचा हिशेब उडवून दोष मात्र जिथल्या तिथे ठेवणारी ही मंडळी आज वेगळ्या पाट्या लावून बसली आहेत. त्यांना मी अजून माफ केलेलं नाही.

मग पीसीआय कार्डं आली. त्यांना आयआरक्यू वाटून घेता यायचा, त्यामुळे ते भांडण मिटलं आणि नावांचं सुरू झालं. एका नामांकित कंपनीच्या दोन कार्डांच्या नावात फरक फक्त शेवटच्या अधिक-चिन्हाचा. एकावर व्हियाची ऱ्हाइन चिप, दुसऱ्यावर रिअलटेकची. एकाचा ड्रायव्हर दुसऱ्याला चालत नसे. खोक्यावरचं नाव वाचायचंच नाही, कार्ड उपटून चिपवरचे आकडे वाचायचे, हा धडा त्यातूनच मिळाला. लिनक्सवाल्यांचीही तीच कथा. रिअलटेकच्या 8139 चिपवर 8139टू आणि 8139सीपी असे दोन ड्रायव्हर हक्क सांगायचे. पण तिथे निदान सीपी स्वतःच सांगायचा की ही चिप माझी नव्हे, टू वापरा. एवढा सभ्य ड्रायव्हर विंडोजवर मला भेटला नाही.

2001 ला एमकेसीएल निघाली, पाठोपाठ एमएस-सीआयटी आली आणि गल्लोगल्ली लॅब उघडल्या. त्यात भारनियमन. लाइट परत येताना व्होल्टेज उसळलं की कार्डं जळायची. घाईत मिळेल ते दुसरं कार्ड, मिळेल त्या स्लॉटमध्ये. एक्सपी मात्र जुन्याला विसरत नसे. नव्या कार्डाला तोच आयपी द्यायला जावं तर म्हणायचं, हा पत्ता दुसऱ्या कार्डाकडे आहे. ते कार्ड तर कचऱ्याच्या डब्यात! कमांड प्रॉम्प्टवर एक ओळ टाइप करून तिथूनच डिव्हाइस मॅनेजर उघडला आणि लपलेली उपकरणं दाखवायला सांगितली, की फिकट अक्षरांत सगळे मयत समोर यायचे. तेच कार्ड नुसतं शेजारच्या स्लॉटमध्ये हलवलं तरी विंडोजच्या लेखी ते नवं. एकेकाला अनइन्स्टॉल करून मोकळं करायचं.

2009 नंतरचं सांगण्यासारखं फारसं नाही. लॅन मदरबोर्डवर गेली, वायफाय आलं, ड्रायव्हर आपोआप उतरू लागले. एखादं अपडेट चांगला चालणारा ड्रायव्हर काढून भलताच टाकतं तेव्हा जुना हात आठवतो, तेवढंच.

आता या बाद मशीनवर लिनक्स टाकून देतो म्हटलं तर तिथे 8139 चा ड्रायव्हर आजही आहे. पण टॅली विंडोजचं, आणि कारखान्यातले हिशेबनीस नव्याला हात लावायला तयार नाहीत. मग वाढीव सुरक्षा अपडेटची नोंदणी करून ऑक्टोबर 2026 पर्यंत दिवस ढकलायचे. मालक विचारतात, "त्यानंतर?" मी नव्या मशीनचं कोटेशन पुढे करतो.