नगरसेवकाला तक्रार नको, प्रश्न द्या

इअरफोन लावून ऐकण्यापेक्षा ज्यांना वाचणं सोपं जातं, त्यांच्यासाठी या भागाचं हे लेखी रूप. बोलताना जिथे घसरलो तिथे वाक्यं जरा नीट लावलीत, बाकी सगळं तसंच.

आजचा विषय असा: नगरसेवक महापालिकेत ‘प्रश्न विचारतात’ म्हणजे नक्की काय करतात? कोणाला विचारतात? आणि त्याने आपल्या गल्लीतल्या नळाला, गटाराला, शाळेला काही फरक पडतो का?

विषय आत्ताच का घेतला, तेही सांगतो. जून २०२२ मध्ये भिवंडी निजामपूर शहर महानगरपालिकेच्या मागच्या सभागृहाची मुदत संपली. पुढचं मतदान झालं थेट १५ जानेवारी २०२६ ला, राज्यातल्या एकूण २९ महापालिकांसोबत. म्हणजे साधारण साडेतीन वर्षं आपल्या शहरात ९० पैकी एकाही जागेवर नगरसेवक नव्हता. राज्यघटनेतलं कलम २४३-यू सांगतं की मुदत पाच वर्षांची, आणि ती संपायच्या आत निवडणूक झालीच पाहिजे. पण ओबीसी आरक्षणाचा वाद सुप्रीम कोर्टात गेला, प्रभागरचना पुन्हा पुन्हा बदलत राहिली, आणि ६ मे २०२५ ला कोर्टाने निवडणुका घ्या म्हणून बजावलं तेव्हा कुठे गाडी हलली.

यावर अनेक जण म्हणतात, “पाणी येतच होतं ना? कचरा उचलतच होते ना? मग नगरसेवक नव्हते म्हणून बिघडलं काय?” प्रश्न रास्त आहे. उत्तरासाठी आधी महापालिका चालते कशी ते बघू.

खुर्चीवर महापौर, कारभार आयुक्तांचा

आपल्याला वाटतं महापौर म्हणजे शहराचा मुख्यमंत्री. तसं नाहीये. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियम, १९४९ या कायद्याप्रमाणे रोजचा कारभार, म्हणजे निविदा काढणं, कर्मचारी नेमणं, बिलं देणं, नोटिसा पाठवणं, हे सगळं महापालिका आयुक्तांच्या हातात. आयुक्तांना नेमतं राज्य सरकार. महापौर महासभेच्या अध्यक्षस्थानी बसतात. पैशांच्या बऱ्याचशा मंजुऱ्या देते स्थायी समिती, तिच्यात १६ सदस्य. आणि धोरणाचे मोठे निर्णय घेते महासभा, म्हणजे सगळे नगरसेवक मिळून.

म्हणजे कायद्याने दोन बाजू केल्यात. एक बाजू काम करते आणि दुसरी बाजू विचारते, “हे का केलं, कितीला केलं, झालं का?” नगरसेवकाने प्रश्न विचारणं म्हणजे ही दुसरी बाजू.

आता सभागृह नसतं तेव्हा काय होतं? राज्य सरकार प्रशासक नेमतं आणि महासभा, स्थायी समिती दोघांचे अधिकार त्या प्रशासकाला मिळतात. आपल्याकडे आयुक्तच प्रशासक. म्हणजे आयुक्त म्हणून प्रस्ताव ठेवायचा आणि प्रशासक म्हणून आपणच तो मंजूर करायचा.

आमच्या सॉफ्टवेअरच्या कामात एक साधा नियम असतो. ज्याने कोड लिहिला त्याने स्वतःची पुल रिक्वेस्ट स्वतः अप्रूव्ह करायची नाही. लिहिणारा लबाड असतो म्हणून हा नियम नाहीये. स्वतःची चूक स्वतःला दिसत नाही म्हणून आहे. दुसरा माणूस विचारतो, “ही ओळ कशाला?” आणि तिथेच निम्मे बग सापडतात. साडेतीन वर्षं आपल्या शहराचं अंदाजपत्रक अशा दुसऱ्या नजरेशिवाय मर्ज होत होतं. अधिकारी चांगले होते की वाईट, हा मुद्दाच नाही. रिव्ह्यू करणारं कोणी नव्हतं, हा मुद्दा आहे.

हे भांडण दीडशे वर्षं जुनं आहे

मुंबईत १८६५ मध्ये आर्थर क्रॉफर्ड पहिले म्युनिसिपल कमिशनर झाले. माणूस धडाडीचा. क्रॉफर्ड मार्केट त्यांच्याच काळातलं. पण हात इतका सैल की करदाते चिडले. १८७१ मध्ये मोठं आंदोलन झालं, क्रॉफर्ड यांना पद सोडावं लागलं, आणि १८७२ च्या कायद्याने ६४ सदस्यांची कॉर्पोरेशन आली, त्यातले निम्मे करदात्यांनी निवडलेले. म्हणजे बघा, “आमचा पैसा कुठे खर्च केला?” या प्रश्नातून मुंबईत निवडून आलेले नगरसेवक जन्माला आले.

पुण्यात जोतीराव फुले १८७६ ते १८८२ या काळात नगरपालिकेचे सदस्य होते. व्हाईसरॉयच्या स्वागतावर हजार रुपये खर्च करायचा प्रस्ताव आला, तेव्हा त्यांनी एकट्याने विरोध केला. हा पैसा गरिबांच्या शिक्षणावर खर्च करा, असं त्यांचं म्हणणं होतं. ते निवडून आलेले नव्हते, नियुक्त सदस्य होते. तरी खर्चाच्या एका ओळीवर बोट ठेवून “हे कशासाठी?” विचारलं. नगरसेवकाचं काम एवढंच असतं, आणि ते सोपं नसतं.

प्रश्न विचारायची पद्धत

टीव्हीवर आपण बघतो ते वेगळं: कोणी फलक फडकावतंय, कोणी रिकामा हंडा घेऊन आलंय. ते आंदोलन झालं, त्याचीही एक जागा आहे. पण कायद्याने नगरसेवकाला आयुक्तांना लेखी प्रश्न विचारायचा हक्क दिलाय. प्रश्नाची नोटीस आधी नगरसचिवांकडे द्यायची. त्यात टोमणे, युक्तिवाद, काल्पनिक “समजा असं झालं तर” चालत नाही. महासभेची महिन्यातून किमान एक साधारण सभा व्हायलाच हवी, म्हणजे संधी वारंवार येते.

लेखी प्रश्नाची ताकद उत्तरात असते. तोंडी विचारलं की अधिकारी “बघतो साहेब” म्हणतात आणि विषय हवेत विरतो. लेखी प्रश्नाला उत्तर द्यावं लागतं आणि ते कागदावर येतं. सहा महिन्यांनी तोच कागद पुढे ठेवून विचारता येतं, “तुम्ही मार्चमध्ये असं सांगितलं होतं, त्याचं काय झालं?” आम्हा इंजिनिअर लोकांच्या भाषेत, सिस्टीमचा लॉग तयार होतो. सभेचं इतिवृत्त हाच तो लॉग.

अंदाजपत्रकात बघायचं काय?

आयुक्त अंदाजपत्रक तयार करून स्थायी समितीकडे देतात. समिती फेरफार करून ते महासभेपुढे ठेवते. करांचे दर २० फेब्रुवारीच्या आत ठरवायचे असतात आणि १ एप्रिलला नवं वर्ष सुरू होतं. म्हणून फेब्रुवारी-मार्च हे प्रश्नांचे महिने.

ते पुस्तक जाडजूड असतं, पण वाचायला एक सोपी युक्ती आहे. प्रत्येक लेखाशीर्षापुढे तीन आकडे शोधा: गेल्या वर्षी प्रत्यक्ष झालेला खर्च, चालू वर्षाचा सुधारित अंदाज, आणि पुढच्या वर्षाचा अंदाज. समजा नालेसफाईला पाच कोटी ठेवलेत. बातमी तेवढीच येते. पण मागच्या वर्षीही पाच कोटी ठेवले होते आणि खर्च दोनच झाले असतील, तर खरा प्रश्न तिथे आहे: उरलेले तीन कोटी गेले कुठे, आणि ज्या नाल्यांवर ते खर्च व्हायचे होते ते कोणते? (हे आकडे फक्त उदाहरणाचे, आपल्या पालिकेचे नव्हेत.)

जमा बाजूलाही असंच बघायचं. जकात गेली, एलबीटी गेला, १ जुलै २०१७ ला जीएसटी आला. तेव्हापासून राज्य सरकार महापालिकांना भरपाईचं अनुदान देतं आणि पालिकेच्या जमेत त्याचा मोठा वाटा असतो. स्वतःच्या हातातलं मोठं उत्पन्न म्हणजे मालमत्ता कर आणि पाणीपट्टी. अंदाजपत्रकात वसुली फुगवून दाखवली की खर्चही फुगवून मांडता येतो, आणि वर्षाच्या शेवटी कात्री लागते ती तुमच्या गल्लीतल्या कामाला. म्हणून विचारायचं: गेल्या वर्षी वसुलीचं लक्ष्य किती, प्रत्यक्ष जमा किती, आणि यंदाचा आकडा कशाच्या जोरावर धरला?

चुकीच्या दारावर थाप नको

भिवंडीत ही गफलत फार होते. वीज गेली की लोक नगरसेवकाला फोन लावतात. पण इथलं वीजवितरण २००७ पासून महावितरणच्या वतीने टोरंट पॉवर बघते, त्यामुळे आयुक्त त्याचं उत्तर देऊच शकत नाहीत. रस्त्यावरच्या खांबावरचा दिवा बंद असेल, तर ते मात्र पालिकेचं काम. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचं काम एमएमआरडीएचं. काल्हेर, काशेली, माणकोली भागातली मोठी गोदामं ग्रामपंचायतींच्या हद्दीत, पालिकेच्या बाहेर.

पाण्याचं जरा गुंतागुंतीचं आहे. आपल्या पाण्याचा मोठा भाग ‘स्टेम’ कंपनीकडून येतो, आणि त्या कंपनीत ठाणे, मीरा-भाईंदर, भिवंडी या महापालिका आणि ठाणे जिल्हा परिषद भागीदार आहेत. म्हणून “पाणी का नाही?” असं विचारलं की “वरूनच कमी येतं” हे तयार उत्तर मिळतं. त्याऐवजी असं विचारा: गेल्या सहा महिन्यांत दर महिन्याला पाणी किती विकत घेतलं, बिल किती पाण्याचं झालं, आणि मधलं गेलं कुठे? इथे “वरून” म्हणून सुटता येत नाही.

ज्या प्रश्नावर जीव अवलंबून असतो

२१ सप्टेंबर २०२० च्या पहाटे धामणकर नाक्याजवळ पटेल कंपाऊंडमधली जिलानी इमारत कोसळली. झोपेतली माणसं गेली, तीसहून जास्त, त्यात लहान मुलंही. नंतर मुंबई उच्च न्यायालयाने स्वतःहून दखल घेतली.

ही इमारत १९८४ ची. तीस वर्षांपेक्षा जुन्या इमारतींनी स्ट्रक्चरल ऑडिट करून स्थैर्याचा दाखला पालिकेला द्यावा, असं कायदाच सांगतो. आणि हो, तेव्हा आपल्याकडे ९० नगरसेवक होते, सभागृह चालू होतं. म्हणून मी असं म्हणणार नाही की नगरसेवक आले म्हणजे आता सगळं ठीक. सभागृह फक्त जागा देतं. त्या जागेवर कोणता प्रश्न उभा राहतो, ते आपल्यावरही आहे.

धोकादायक इमारतींबद्दल “पालिका काय करतेय?” असं विचारलं तर उत्तर येईल, “कार्यवाही चालू आहे.” तेच असं विचारून बघा:

१. आमच्या प्रभागात तीस वर्षांहून जुन्या इमारती किती?
२. त्यापैकी किती इमारतींचे दाखले आले आणि किती बाकी?
३. बाकी असलेल्यांना नोटीस कोणत्या तारखेला दिली?
४. अतिधोकादायक ठरवलेल्या किती इमारतींत आजही लोक राहतात?
५. त्यांना हलवायचं तर कुठे, आणि त्यासाठी यंदाच्या अंदाजपत्रकात किती रक्कम आहे?

पाचही उत्तरं आकड्यात, तारखेत किंवा रुपयांत येतात. ‘कार्यवाही’ या शब्दाला लपायला जागा उरत नाही. पाचवा प्रश्न विशेष महत्त्वाचा. जायला जागा नसेल तर यंत्रमागावर काम करणारा भाडेकरू नोटीस मिळूनही तिथेच राहतो, कारण भाडं परवडणारं दुसरं घर नसतं.

आता तुम्ही काय करायचं?

आपल्याकडे बहुतेक प्रभागांत चार नगरसेवक आहेत. म्हणजे एकाने ऐकलं नाही तर दुसरा, आणि बऱ्याचदा दुसऱ्या पक्षाचा. व्हॉट्सअॅपवर फोटो टाकून “साहेब लक्ष द्या” लिहिण्याऐवजी एक पान लिहा. वर प्रभाग क्रमांक, खाली एकच विषय, त्याखाली आकड्यात उत्तर येईल असे दोन-तीन प्रश्न. सोबत एक विनंती: हा प्रश्न लेखी स्वरूपात महासभेत विचारावा. नगरसेवक वाईट नसतात, बऱ्याचदा गडबडीत असतात. तयार प्रश्न हातात मिळाला तर पुढे नेणं त्यांनाही सोपं जातं.

महिन्याभराने फोन करून एवढंच विचारा, “दादा, त्या प्रश्नाचं उत्तर आलं का? कागदाची प्रत मिळेल का?” नाहीच मिळाली तर माहिती अधिकारात इतिवृत्ताची प्रत मागा. अर्जाची फी दहा रुपये.

प्रश्न लिहिलात तर मला पाठवा, पुढच्या भागात त्यातले काही वाचू. आणि उत्तर आलं तर ते आधी पाठवा.