नैराश्य आणि क्षयरोग

नैराश्य हा मानसिक विकार आणि क्षयरोग हा संसर्गजन्य रोग हे परस्परांना बळ देणारे आजार आहेत. नैराश्य असलेल्या व्यक्तींमध्ये क्षयरोग होण्याचा धोका अधिक आढळतो, तर क्षयरोग्यांमध्ये नैराश्याचे प्रमाण इतरांपेक्षा जास्त असते. दोन्ही आजार एकत्र आल्यास उपचार अर्धवट राहण्याची व मृत्यूची शक्यता वाढते.

संसर्ग आणि आजार

क्षयाच्या जिवाणूचा शोध रॉबर्ट कॉख यांनी २४ मार्च १८८२ रोजी बर्लिन येथे जाहीर केला. मात्र जिवाणू शरीरात शिरला म्हणजे क्षयरोग झालाच, असे नाही. जगातील सुमारे एक-चतुर्थांश लोकांना हा संसर्ग झालेला असावा, असा अंदाज आहे; त्यांपैकी साधारण ५ ते १० टक्के लोकांनाच आयुष्यात केव्हातरी प्रत्यक्ष आजार होतो. इतरांच्या शरीरात भक्षकपेशी व टी-पेशी जिवाणूला कोंडून ठेवतात. हा पहारा ढिला पडला की सुप्त संसर्ग जागा होतो.

दीर्घकाळच्या नैराश्यात व ताणात कॉर्टिसॉल या संप्रेरकाचे प्रमाण वाढू शकते आणि ते या पेशींचे कार्य मंदावते. त्याहून साधी कारणेही आहेत. अन्नावरची वासना उडते, वजन घटते, झोप मोडते. काही जण तंबाखू वा मद्याकडे वळतात. कुपोषण, धूम्रपान व मद्यपान ही तिन्ही क्षयरोगाची ज्ञात कारणे होत. गरिबी आणि दाटीवाटीची वस्ती दोन्ही आजारांना पोषक असल्याने नैराश्याचा स्वतंत्र वाटा वेगळा काढणे अवघड असते.

उपचारातील खंड

क्षयरोगाचे नेहमीचे उपचार सहा महिने चालतात. काही आठवड्यांत खोकला व ताप ओसरतो, गोळ्यांचा त्रास मात्र उरतो. याच टप्प्यावर अनेकांचे औषध सुटते आणि औषधांना दाद न देणारा क्षयरोग उद्भवण्याचा धोका निर्माण होतो. असा रुग्ण बेफिकीर ठरवला जातो. वस्तुतः सकाळी उठण्याचीही उमेद नसणे हे पुष्कळदा त्याच्या दुसऱ्या, न ओळखलेल्या आजाराचे लक्षण असते. रोग लपवावा लागणे, रोजगार बुडणे आणि घरात भांडी वेगळी ठेवली जाणे यांमुळे ही उदासी अधिक गडद होते.

औषधांचे परस्परपरिणाम

क्षयरोगावरील औषधे मनावरही परिणाम करतात. १९५२ मध्ये न्यूयॉर्कमधील सी व्ह्यू रुग्णालयात इप्रोनियाझिड दिलेले क्षयरोगी अनपेक्षितपणे उत्साही झाले. पुढे ते नैराश्यावरील पहिल्या औषधांपैकी एक ठरले. यकृताला होणाऱ्या अपायामुळे नंतर ते मागे पडले. याउलट, औषधांना दाद न देणाऱ्या क्षयरोगात वापरल्या जाणाऱ्या सायक्लोसेरीनमुळे नैराश्य, भ्रम व आत्महत्येचे विचार उद्भवू शकतात. रिफाम्पिसिन यकृतातील विकरांना चालना देते, त्यामुळे अनेक मनोविकारविरोधी औषधांची रक्तातील पातळी घटते व त्यांची मात्रा बदलावी लागते. रिफाम्पिसिन थांबवल्यावर हीच पातळी पुन्हा वाढत असल्याने तेव्हाही मात्रा तपासावी लागते.