आपला पंखा, डहाणूचा धूर

मीरा-भाईंदरच्या घरांत येणारी काही वीज डहाणूच्या ५०० मेगावॉट केंद्रात कोळसा जाळून होते. त्या धुरातला सल्फर डायऑक्साइड श्वासनळ्या आवळतो. दम्याच्या लेकरांना आधी बाधतो. डहाणूसाठी लोक सर्वोच्च न्यायालयात गेले, १९९६ साली प्राधिकरण नेमले गेले, आणि २००७ साली सल्फर शोषणारी यंत्रणा बसली. २०२५ मध्ये केंद्राने देशातल्या बहुतेक कोळसा केंद्रांना ती माफ केली. त्यांच्या शेजारी राहते कोण?

सौर पॅनेलला स्वतःचे छप्पर लागते, वस्तीत ते कुठले! पण जुना पंखा ७५ वॉट खातो, बीएलडीसी पंखा साधारण ३०. रोज बारा तास चालला तर महिन्याला १६ युनिट वाचतात. महाग वाटला, तर बचत गटातून हप्त्याने घ्या. आधी रात्रभर फिरणारा एकच बदला.