डाळिंब आणि डी.एन.ए.चे रक्षण

सटाणा, देवळा, मालेगाव हा नाशिक जिल्ह्याचा भाग डाळिंबांसाठी प्रसिद्ध आहे. डाळिंबाची साल चाखली तर जीभ आखडते. हा तुरटपणा टॅनिन गटातील पदार्थांचा. त्यांतील काहींचे विघटन झाले की एलॅजिक आम्ल मिळते. या आम्लाकडे शास्त्रज्ञांचे लक्ष का गेले, ते पाहू.

तंबाखूच्या धुरात आणि लाकूड-कोळशाच्या काजळीत बेन्झोपायरीन हे रसायन असते. मुळात ते फारसे क्रियाशील नसते. पण ते पाण्यात विरघळून शरीराबाहेर जावे म्हणून पेशींतील एन्झाइमे त्याला ऑक्सिजन जोडतात. या खटाटोपातच एक अतिशय क्रियाशील रेणू तयार होतो आणि तो डी.एन.ए.तील ग्वानीन या घटकाला चिकटतो. पेशी असा बिघाड बहुधा दुरुस्त करते. परंतु त्याआधीच डी.एन.ए.ची नक्कल झाली, तर चूक कायमची राहू शकते. हेच उत्परिवर्तन. मोक्याच्या जनुकांत अशा चुका साठत गेल्या, की कर्करोग उद्भवू शकतो.

डोळ्यांना न दिसणारी ही चूक मोजायची कशी? अमेरिकन शास्त्रज्ञ ब्रूस एम्स यांनी १९७०च्या दशकात एक सोपी युक्ती प्रचारात आणली. त्यांनी हिस्टिडीन हे अमिनो आम्ल स्वतः बनवू न शकणारे साल्मोनेला जीवाणू घेतले. हिस्टिडीन जवळजवळ नसलेल्या बशीत ते वाढत नाहीत. उत्परिवर्तनाने ज्याची ही क्षमता परत येते, तोच वाढून ठिपक्याएवढी वसाहत करतो. म्हणजे ठिपके मोजले की उत्परिवर्तने मोजली! काही ठिपके आपोआपही उठतात. म्हणून रसायन न घातलेली बशी तुलनेसाठी हवीच.

१९८२ साली अमेरिकेतील संशोधकांनी बेन्झोपायरीनपासून होणाऱ्या त्या क्रियाशील रेणूसोबत एलॅजिक आम्ल घालून असा प्रयोग केला. उत्परिवर्तने बरीच घटली. एलॅजिक आम्ल त्या रेणूशी स्वतःच संयोग पावते व त्याला निकामी करते, असे दिसून आले. मात्र येथे सावध राहावे लागते. जीवाणूच मेले तरी ठिपके कमी होतात! म्हणून ते जिवंत आहेत ना, हेही तपासावे लागते.

मग डाळिंब खाल्ले की काम झाले का? नाही. पोटातून फारच थोडे एलॅजिक आम्ल रक्तात जाते; बाकीच्या बऱ्याच भागाचे आतड्यातील जीवाणू वेगळ्याच संयुगांत रूपांतर करतात. बशीतील रक्षण आणि शरीरातील रक्षण यांत असे अंतर असते.

दुसऱ्या एका पदार्थाचा अनुभव तर डोळे उघडणारा आहे. गाजर, आंबा यांतील बीटा-कॅरोटीन फुप्फुसाच्या कर्करोगापासून वाचवील, अशी आशा होती. फिनलंडमध्ये धूम्रपान करणाऱ्या २९,१३३ पुरुषांवर चाचणी झाली. १९९४ साली निष्कर्ष आला: बीटा-कॅरोटीनच्या गोळ्या घेणाऱ्यांत हा कर्करोग १८ टक्क्यांनी अधिक आढळला!

तेव्हा फळे जरूर खावीत. त्यांत तंतू आहेत, जीवनसत्त्वे आहेत. पण ‘डी.एन.ए.चे रक्षण करणारी’ गोळी वा रस कोणी विकू लागला, तर प्रयोग बशीत झाला की माणसांत, आणि मात्रा किती होती, हे अवश्य विचारा. तंबाखूचा धूर टाळणाऱ्याच्या शरीरात मुळात कमी बेन्झोपायरीन शिरते. ते निकामी करण्याची वेळच न येणे, हे रक्षण अधिक खात्रीचे.